दोन चित्रांच्या मधे काय घडतं?

प्रश्न : मी अकरावीत आहे. पुस्तकात अर्धसूत्री विभाजनाच्या, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाच्या, एका चित्रात गुणसूत्रं विखुरलेली आहेत आणि पुढच्याच चित्रात ती जोडीनं दिसतात. आपली जोडीदार कोणती, हे त्यांना कळतं कसं?

उत्तर : वनस्पतिशास्त्र शिकवताना मी ह्या दोन चित्रांपाशी मुद्दाम थांबायचे, कारण खरी हकिगत त्यांच्या मधेच घडते.

कांद्याचं उदाहरण घे. त्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात, ८ बीजांडाकडून आलेली आणि ८ परागाकडून, म्हणजे ८ जोड्या. विभाजनाच्या सुरुवातीला ती लांबच लांब, बारीक आणि एकमेकांत गुंतलेली असतात. त्यांना स्वतःहून चालता येत नाही. त्यांची टोकं केंद्रकाच्या पटलाला आतून चिकटतात. पटलाच्या आरपार गेलेली प्रथिनं त्या टोकांना बाहेरच्या पेशीद्रव्यातल्या तंतूंशी जोडतात आणि तिथून ती ओढली जातात. म्हणजे हलतं आतलं गुणसूत्र, पण जोर बाहेरचा! एका जातीच्या यीस्टमध्ये तर अख्खं केंद्रकच पेशीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कितीतरी वेळ येरझाऱ्या घालतं. जपानी संशोधकांनी १९९४ साली दाखवून दिलं, की त्यात गुणसूत्रांची टोकं पुढे असतात. मला हे विलक्षण सुंदर वाटतं.

ह्या ओढाताणीत गुणसूत्रं पुन्हा पुन्हा एकमेकांजवळ येतात. पण जवळ आलेली आपलीच, हे ठरतं डीएनएवरून. पेशी स्वतःच्या डीएनएला जागोजागी मुद्दाम तोडते. तुटलेलं टोक आपल्यासारखाच अक्षरक्रम शोधतं आणि तो जुळला की पकड बसते. (सगळ्या सजीवांत असंच होत नाही, फळमाशीची मादी तोडमोडीवाचूनही जोड्या लावते.) मग चेन लावावी तशी दोन्ही गुणसूत्रं प्रथिनांनी लांबीभर जोडली जातात. तुटलेल्या काही जागा दुरुस्त होताना तुकड्यांची अदलाबदल होते, तीच पारगती. मक्यात ती डोळ्यांना दिसेल अशी सिद्ध केली हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक ह्या दोघींनी, १९३१ साली. पारगतीचे सांधेच पुढे जोडीला दोन पेशींत वाटणी होईपर्यंत धरून ठेवतात. ते नसतील तर वाटणी चुकण्याचा धोका असतो.

प्रयोगशाळेत हे पाहायचं असेल तर कांद्याच्या डेंगळ्याच्या (फुलांच्या दांड्याच्या) गोंड्यातल्या अगदी लहान, मिटलेल्या कळ्या सकाळी खुडून ठेव. परागकोश पिवळट दिसले, तर त्या कळ्यांत जोड्या लागायचा टप्पा होऊन गेलेला असतो.