पेटंट विकून टाकू की रॉयल्टीवर देऊ?

प्रश्न: वय ४४, कारखान्यात नोकरी. सुट्ट्यांमध्ये खपून मी पाइपच्या जोडातली गळती थांबवणारी एक पकड तयार केली. ३ वर्षांपूर्वी अर्ज केला होता, आता पेटंट मिळालं आहे. एका कंपनीने दोन पर्याय दिलेत. एक, आमच्या ६ वर्षांच्या घरखर्चाइतकी रक्कम घेऊन पेटंट कायमचं त्यांच्या नावे करायचं. दुसरा, वापराचा परवाना फक्त त्यांना द्यायचा. आता १ वर्षाच्या खर्चाइतके पैसे आणि पुढे निव्वळ विक्रीवर ४ टक्के रॉयल्टी. ती ५ टक्के करून घेण्यासाठी मी भांडणार आहे. डोक्यावर २ वर्षांच्या खर्चाइतकं कर्ज आहे. नोकरी सोडून यातच उतरावं असं वाटतं. घरचे म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नका. काय करू?

उत्तर: आधी नोकरीचा करार काढून वाचा. कामावर असताना लावलेल्या शोधावर मालकाचा हक्क राहील, असं कलम बऱ्याच करारांत असतं. ते असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय कंपनीशी पुढे बोलू नका.

आता हिशेब. तुमचा वर्षाचा घरखर्च म्हणजे १ एकक धरू. पत्रासोबत पाठवलेल्या कंपनीच्या अंदाजाप्रमाणे रॉयल्टी पहिल्या वर्षी ०.३, दुसऱ्या वर्षी ०.७ आणि तिथून पुढे दरसाल १.५ येते. आगाऊ रक्कम धरून १० वर्षांची बेरीज १४ होते. ६ पुढे १४, म्हणून तुमचा जीव रॉयल्टीकडे ओढतोय. पण हे पैसे उशिरा येणार, आणि येतीलच असंही नाही. नव्या वस्तूच्या विक्रीची जोखीम म्हणून दरसाल २० टक्के व्याजदराने मागे मोजत आलो, तर त्या १४ ची आजची किंमत पावणेसहाच्या आसपास उतरते. विक्री अंदाजाच्या निम्मीच झाली, तर साडेतीनही भरत नाही. घरच्यांचं म्हणणं अजिबात खुळचट नाही.

तरीही आहे त्या स्वरूपात मी दोन्हींवर सही करू देणार नाही. ४ चे ५ टक्के करून घेण्यासाठी तुम्ही भांडायला निघालात, पण खरी मेख दुसरीकडे आहे. परवाना फक्त त्या कंपनीला, आणि विक्री करायचं बंधन मात्र कुठेच नाही. उद्या त्यांनी पकड बनवलीच नाही, तर ४ टक्के कशाचे? शून्याचे. आणि तुम्हाला ती दुसऱ्या कोणाला देताही येणार नाही. म्हणून किमान रॉयल्टी मागा: दुसऱ्या वर्षापासून विक्री होवो न होवो, दरसाल ०.५ एकक. ती चुकली तर परवाना संपून हक्क तुमच्याकडे परत. आगाऊ रक्कम २ पर्यंत वाढवून घ्या, म्हणजे कर्ज एका फटक्यात फिटेल. त्यावर लागणाऱ्या कराची सोय मात्र आधी विचारून ठेवा. या दोन गोष्टी मिळाल्या तर टक्का साडेतीनवर आला तरी चालेल.

‘निव्वळ विक्री’ची व्याख्या शब्द न् शब्द वाचा. सवलत, वाहतूक, परत आलेला माल, जाहिरात असं एकेक वजा होत गेलं की ४ टक्के कागदावरच राहतात. त्यांच्या वह्या तपासायचा हक्क लिहून घ्या. रॉयल्टीला कमाल मर्यादा तर मान्यच करू नका. अमेरिकेत पीटर रॉबर्ट्स या तरुणाने आपला पाना सिअर्स कंपनीला दिला, तो नगामागे २ सेंट आणि एकूण १० हजार डॉलरपर्यंतच, या अटीवर. पाने लाखोंनी खपले. पुढे वर्षानुवर्षं कोर्ट झालं आणि ज्युरीने त्याला १० लाख डॉलर देववले. कोर्टात घालवावी लागलेली ती वर्षं मला आकड्यापेक्षा जास्त बोचतात.

कंपनीने किमान रॉयल्टी साफ नाकारली तर? मग त्यांचा स्वतःच्याच विक्रीच्या अंदाजावर विश्वास नाही, असं समजा. अशा वेळी दुसरा खरेदीदार शोधायला ३-४ महिने द्या. नाहीच मिळाला, तर एकरकमी पैसे घ्या आणि मागे वळून पाहू नका. त्यातल्या २ मधून कर्ज संपवा, १ अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा, उरलेले निवृत्तीसाठी गुंतवा.

नोकरी मात्र सोडू नका. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, म्हणजे तुमच्याकडे १७ उरली. रॉयल्टी फार तर तुमच्या एकसष्टीपर्यंत पोहोचेल, नेमकी पगार थांबण्याच्या सुमारास. मुदत संपल्यावरची रॉयल्टी करारात लिहिली तरी ती सगळीकडे वसूल होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मार्व्हल या कंपनीच्या खेळण्याच्या खटल्यात, तिथे ती वसूल करता येत नाही, हेच कायम केलं. त्यामुळे रॉयल्टीला पेन्शन समजू नका. आली की निम्मी थेट निवृत्तीच्या खात्यात टाका.

आणि पुढच्या बैठकीला जाताना पेन घरी ठेवा. मसुदा घेऊन या, पेटंटचे करार करणाऱ्या वकिलाकडून वाचून घ्या, मग काय ते कळवा.