प्रश्न तुमचे : सिस्टमडी काढायचं आहे

प्रश्न : राजवाड्यामागे आमचं झेरॉक्स-छपाईचं दुकान आहे. कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर डेस्कटॉपविना डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे. आमचा एक लहान प्रोग्राम त्यावर सर्व्हिस म्हणून चालतो आणि रात्री टाइमरवर बॅकअप होतो. सिस्टमडी (यंत्र सुरू होताना सगळ्या सेवा चालू करून सांभाळणारा प्रोग्राम) काढून त्याऐवजी त्याच कामाचा जुना, साधा सिसव्हीइनिट बसवला तर यंत्र पळेल का? कृती काय?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : पळणार नाही. थोडी मेमरी सुटेल, एवढंच. सेवा साध्या शेल-स्क्रिप्टमधून चालवायच्या असतील तर मात्र जरूर करा.

बॅकअप घेऊन, कीबोर्ड-मॉनिटर जोडून यंत्रासमोरच बसा. दुरून एसएसएचवर (नेटवर्कवरून लॉगइन करून) हे करू नका. आधी 'एपीटी-गेट -एस इन्स्टॉल सिसव्हीइनिट-कोअर' द्या. (टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं-आकडे.) 'एस'मुळे काहीच बसत नाही, फक्त काय येणार-जाणार ते दिसतं. जाणाऱ्यांत सिस्टमडी-सिसव्ही आणि लिबपॅम-सिस्टमडी असणारच. कप्स (छपाईची व्यवस्था) दिसलं तर थांबा. यादी पटली की 'एस' काढून पुन्हा द्या आणि सोबत ऑर्फन-सिसव्हीइनिट-स्क्रिप्ट्स, आरसिसलॉग, क्रोनी ही नावंही जोडा. पहिल्यात इतर पॅकेजांनी टाकून दिलेल्या इनिट-स्क्रिप्ट मिळतात. नोंदी ठेवणारं आरसिसलॉग डेबियन १२ आपणहून बसवत नाही, त्यामुळे जर्नल (सिस्टमडीची नोंदवही) बंद पडल्यावर नोंदी कुठेच राहत नाहीत. घड्याळ क्रोनी सांभाळेल.

मग 'सिस्टमसीटीएल रीबूट'. 'पीएस -पी १' म्हटल्यावर 'इनिट' दिसायला हवं. मूळ सिस्टमडी पॅकेज आठवडाभर राहू द्या, 'ऑटोरिमूव्ह' टाळा. अडलंच तर ग्रबमध्ये (यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या मेनूत) 'ई' दाबून कर्नलच्या ओळीअखेर 'इनिट=/लिब/सिस्टमडी/सिस्टमडी' लिहिलं की जुन्या वाटेने सुरू होतं.

खरी गंमत तुमच्या प्रोग्रामची. सिसव्हीची नेहमीची स्क्रिप्ट मेलेला प्रोग्राम पुन्हा उठवत नाही. त्यासाठी इनिटच्या 'इनिटटॅब' या फाइलमध्ये एक ओळ घाला. कोलनने वेगळे केलेले चार रकाने : पीआर:२३४५:रीस्पॉन:आज्ञा. म्हणजे ओळीचं नाव, रनलेव्हल (यंत्राच्या कोणकोणत्या अवस्थांत चालवायचं), 'मेला की पुन्हा उठव' आणि प्रोग्रामची आज्ञा. पहिल्या रकान्यात चारपेक्षा जास्त अक्षरं चालत नाहीत. आज्ञा रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) हक्काने धावते, म्हणून तिच्या आधी 'रनयूजर -यू' आणि वापरकर्त्याचं नाव हवं. प्रोग्राम स्वतःहून पार्श्वभूमीत जाणारा नको. तो गेला की इनिटला वाटतं मेला, आणि दुसरा उभा राहतो, मग तिसरा. दोन मिनिटांत दहापेक्षा जास्त वेळा असं झालं की इनिट ती ओळ पाच मिनिटं बंद ठेवतं. नोंदीत 'रीस्पॉनिंग टू फास्ट' दिसलं तर कारण बहुधा हेच. बदल केल्यावर 'टेलइनिट क्यू' द्या, म्हणजे इनिट ही फाइल पुन्हा वाचतं.

सिस्टमडीचे टाइमर संपले, तेव्हा बॅकअप क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी चालवायच्या कामांच्या यादीत) टाका, पूर्ण पाथसह.

डेस्कटॉपच्या यंत्रावर हीच कृती करू नका. तिथे लॉगइन सांभाळणारं ईलॉगइनडी लागतं आणि पॅकेजांचा गुंता बराच वाढतो.