वाचक विचारतात : दगड पाणी गाळत नाही

(या सदरात उत्तरं देणारे भूवैज्ञानिक भूजल सर्वेक्षणाच्या कामात आयुष्य काढून निवृत्त झाले आहेत.)

प्रश्न : काका, आमची विहीर आजोबांच्या काळातली. यंदा वरच्या अंगाला शेजाऱ्यांनी घर बांधलं आणि संडासाचा शोषखड्डा आमच्या विहिरीपासून जेमतेम चाळीस फुटांवर घेतला. बोललो तर म्हणतात, 'मधे एवढा दगड आहे, पाणी गाळूनच येतं.' पाण्याला वास नाही, रंग नाही. पण पावसाळ्यात धाकट्याला दोनदा जुलाब झाले. भांडावं की सोडून द्यावं?
— एक वाचक, ता. जुन्नर

भांडू नका आणि सोडूनही देऊ नका. शेजाऱ्यांचा मुद्दा आधी घेतो, कारण तो मी गावोगाव ऐकलाय, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही. पाणी गाळते ती माती आणि बारीक वाळू. दगड गाळत नाही. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांच्या आसपास भाग बेसॉल्टवर बसलाय. हा काळा पाषाण अखंड असेल तर त्यातून थेंब सरकत नाही. पाणी येतं ते भेगांतून, सांध्यांतून आणि दोन थरांमधल्या तांबड्या गेरूच्या पट्ट्याजवळून. उन्हाळ्यात विहिरीत डोकावलात तर झरा एखाद्या फटीतूनच फुटलेला दिसेल. तीच फट वर शोषखड्ड्याच्या तळाशी भिडत असेल, तर मधला दगड असून नसल्यासारखा.

सासवडकडच्या एका वाडीत अशीच तक्रार होती. आम्ही संशयाच्या खड्ड्यात मिठाचं दाट पाणी ओतलं आणि विहिरीत क्षार मोजायचा मीटर सोडून बसलो. अंतर साठ फुटांच्या वर, म्हणजे नियमात बसणारं. रात्रभर काही नाही. सकाळी आकडा चढायला लागला, तोही एकाच झऱ्यापाशी. गंमत म्हणजे खड्ड्याला जवळचा झरा कोरा होता आणि पलीकडच्या अंगाचा खारट. भेगा फूटपट्टी घेऊन चालत नाहीत. त्यामुळे भारतीय मानकातलं 18 मीटरचं अंतर, म्हणजे साधारण साठ फूट, आपल्या खडकात कमीत कमी धरायचं. तुमचे शेजारी तर त्याच्याही आत आहेत, आणि वर चढाला.

वास-रंग नाही म्हणून निर्धास्त राहू नका. जंतूंना दोन्ही नसतात. ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य केंद्रात एचटूएसची बाटली (जंतू तपासायची) मागा. खुणेपर्यंत विहिरीचं पाणी भरायचं, झाकण लावून सावलीत ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर मैल्याशी संबंध आहे असं समजा. पक्का रिपोर्ट हवा तर तालुक्याच्या पाणी प्रयोगशाळेत नमुना द्या, पण जंतूंच्या तपासणीला बाटली तिथूनच आणा. घरची बिसलेरीची बाटली चालत नाही. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

तोवर पिण्याचं पाणी उकळा आणि विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका. हजार लिटरला 5 ग्रॅम. विहिरीचा व्यास 5 मीटर आणि पाणी 4 मीटर असेल, तर साधारण साडेअठ्ठ्याहत्तर हजार लिटर भरतं, म्हणजे 400 ग्रॅम पावडर लागेल. कोरडी पावडर वरून भुरभुरू नका (पंचायतीचे कर्मचारीही कधी कधी हेच करतात). बादलीत कालवा, चुन्याचा साका खाली बसू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडून बादलीनेच ढवळा आणि अर्धा तास तरी उपसू नका. ओटी टेस्टला (क्लोरीनच्या चाचणीला) पिवळा रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे. पोतं महिनोन् महिने उघडं पडलेलं असेल तर त्या पावडरीत दम राहिलेला नसतो.

हे सगळं मलमपट्टी आहे, कारण खड्डा रोज भरतोय. शेजाऱ्यांना सांगा, शोषखड्डा विहिरीच्या उताराच्या अंगाला न्या. पाइपाचा निम्मा खर्च तुम्ही देऊ करा, विहीर तुमची आहे. जागाच नसेल तर खड्डा उथळ घ्यायला लावा, तळ सिमेंटने बंद करा आणि चारी बाजूंनी दीड-पावणेदोन फूट बारीक वाळू भरा. म्हणजे जे काम दगड करत नाही ते वाळू करेल. त्यांनी ऐकलं नाही तर काळी पडलेली बाटली घेऊन ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) जा. तोंडी तक्रारीपेक्षा ती बाटली जास्त बोलते.

प्रश्न : आमच्या सोसायटीचं बोअर आटलंय. ठेकेदार म्हणतो, छताचं आणि पार्किंगचं सगळं पावसाचं पाणी थेट त्यात सोडू, बोअर पुन्हा भरेल. करावं का?
— सोसायटीच्या सेक्रेटरी, पुणे

ताई, छताचं हो, पार्किंगचं अजिबात नाही. आटलेलं बोअर हे थेट भूजलात उघडणारं भोक आहे. पार्किंगवरचं ऑइल, कुत्र्यांची घाण, धुतलेल्या गाड्यांचा साबण, हे सगळं मातीचा एक थरही न ओलांडता दोनशे फूट खाली जाईल. तिथे गेलेली घाण बाहेर काढायचं यंत्र कुणाकडे नाही, आणि खालच्या भेगा तुमच्या कंपाउंडपाशी थांबत नाहीत. शेजारच्या सोसायटीचं बोअर कदाचित चालू असेल.

छत मात्र सोन्यासारखं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पाचशे चौरस मीटरचं छत आणि पुण्याचा सुमारे 700 मिलिमीटर पाऊस धरला, गळती-बाष्प वजा केलं, तरी पावणेतीन लाख लिटर हाती लागतं. पहिले एक-दोन पाऊस बाहेर सोडायची तोटी ठेवा. मग पाणी खडी-वाळूच्या फिल्टरमधून न्या. माझ्या मते थेट बोअरमध्ये सोडण्याआधी मुरमात शोषखड्डा घेऊन बघा. पाणी हळू मुरेल, पण माती त्याला गाळेल.

ठेकेदाराला एक प्रश्न विचाराच : केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातला पाइप, किती फूट आहे आणि त्याच्या बाहेरची पोकळी सिमेंटने भरली आहे का? आपल्याकडे केसिंग मुरूम संपेपर्यंत घालतात आणि बाहेरची फट तशीच सोडतात. ड्रेनेजचं चेंबर जवळ फुटलेलं असेल तर सांडपाणी त्याच फटीने पाइपाला धरून खाली उतरतं. ही फट भरायला काही पोती सिमेंट पुरतं. आणि बोअर वापरायचंच नसेल तर त्याला नुसतं झाकण नको, ते खालपासून बुजवून टाका.

प्रश्न : विहिरीत कासव सोडलं की पाणी शुद्ध राहतं, असं आजी सांगते. खरं का?
— एक विद्यार्थी, वाई

कासव शेवाळ, किडे, मेलेलं-सडलेलं काही खातं, त्यामुळे विहीर नजरेला स्वच्छ दिसते. आजीचं निरीक्षण खोटं नाही. पण जुलाबाचे जंतू कासवाला दिसत नाहीत, आणि तेही विहिरीतच शी करतं. शिवाय रानातलं कासव पकडणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. डासांच्या अळ्यांचा त्रास असेल तर गप्पी मासे सोडा.

प्रश्न : आमच्या बोअरच्या रिपोर्टमध्ये नायट्रेट 80 आलंय, बाकी सगळं ठीक. बाळ तीन महिन्यांचं आहे, त्याला वरचं दूध चालू आहे. सासूबाई म्हणतात, पाणी उकळून दे.
— एक आई, ता. राहुरी

आजपासून या पाण्यात बाळाचं दूध कालवू नका. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट नाही. उलट पाणी आटतं आणि ते अधिकच दाट होतं. तुरटी, कँडलचा फिल्टर, यूव्ही, कशानेच ते जात नाही. आरओने कमी होतं, पण मशीनमधून निघालेलं पाणी पुन्हा तपासून घ्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद नायट्रेटने कमी होते. अंगावर पाजणं जमत असेल तर तेच उत्तम. नाहीतर तपासलेल्या दुसऱ्या स्रोताचं पाणी आणून, ते उकळून वापरा. सासूबाईंचा सल्ला त्या पाण्याला लागू आहे.

तुमच्या भागात ऊस आहे, म्हणजे युरियाकडे आधी बघा. एकदम हात सैल सोडून दिलेला युरिया पिकाला सगळा लागत नाही, बराचसा पाण्याबरोबर खाली जातो. हप्ते पाडून द्या, ठिबक असेल तर त्यातूनच. बोअरच्या वरच्या अंगाला गोठा किंवा उकिरडा असेल तर तो उताराला हलवा. इतकं केलं तरी आकडा लगेच उतरणार नाही, जमिनीत मुरलेलं हळूहळूच निघतं. मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा पाणी तपासत राहा. बाळाचे ओठ किंवा नखं निळसर दिसली तर वाट न बघता रुग्णालय गाठा, आणि हा पाण्याचा रिपोर्ट डॉक्टरांच्या हातात द्या.