गुंजेपासून टनापर्यंत

प्रश्न : मुलीच्या गणितात मिलिग्रॅमचे टन करायचे आहेत. शून्यं मोजता मोजता डोकं फिरतं. काही सोपी युक्ती?
– एक पालक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, शून्यं मोजूच नका, पायऱ्या मोजा. मिलिग्रॅम, ग्रॅम, किलो, टन. दर पायरीला हजारानं भागायचं. टनात १०० कोटी मिलिग्रॅम बसतात.

माझी हयात गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, तराजूपुढं गेली. गुंज, म्हणजे सोनं तोलायचं जुनं वजन, साधारण १२१.५ मिलिग्रॅमची, ९६ गुंजांचा जुना तोळा. टनभर वजनाला ८२ लाखांवर गुंजा लागतील! (सोनं असतं तर काय हो!) गुळाचा ३० किलोचा रवा (ढेप) घ्या : ३ कोटी मिलिग्रॅम, पण टनात जेमतेम ०.०३.

घोळ होतो तो क्विंटलपाशी. गुळाचा सौदा त्यावर चालतो, पण तो १०० किलोचा. हजाराच्या पायरीत बसत नाही. मुलीला तो मध्ये घेऊ देऊ नका.