मालिका ऐकताना, सिनेमा बघताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आम्ही दहा-बारा जणी दुपारी एकत्र विड्या वळतो. टीव्ही चालूच असतो. मालिकांतल्या बायकांबद्दल बोलावं म्हणून दोनदा विषय काढला. ‘ही मालिका बायकांच्या विरोधात आहे का?’ असं विचारलं, की सगळ्या गप्प. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, कुंभारी

उत्तर : प्रश्न चुकतोय. विरोधात आहे म्हणावं, तर रोज बघणारी आपण वेडी ठरतो. नाही म्हणावं, तर विषयच संपतो. म्हणून मत विचारू नका, मोजायला सांगा.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. हजार विड्या पुऱ्या करायच्या तर नजर हातावरच राहते. तुमच्या मैत्रिणी मालिका बघण्यापेक्षा जास्त ऐकतात. त्यामुळे ‘त्या दृश्यात मागे कोण उभं होतं?’ याला उत्तर मिळणार नाही. ‘सॉरी कोण म्हणालं?’ याला लगेच मिळेल. कागद-पेन वाटू नका, त्यात हात थांबतात आणि दिवसाची मजुरी बुडते. एकीनेच भिंतीवर खडूने रेघा माराव्यात.

तीन रकाने पुरे : घरातलं काम कोण करतं, निर्णय कोण घेतं, माफी कोण मागतं. बाईसाठी एक रेघ, पुरुषासाठी एक गोल. जाहिराती वगळल्या तर एक भाग वीस-बावीस मिनिटांचा असतो. सलग पाच भाग मोजा. एकाच भागावर निष्कर्ष काढला तर फसगत होते, कारण तो नेमका हळदीकुंकवाचा निघाला तर सगळ्या बायका स्वयंपाकघरातच दिसणार.

बेक्डेल कसोटीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ॲलिसन बेक्डेल या अमेरिकन व्यंगचित्रकर्तीने १९८५ मध्ये ती एका चित्रपट्टीतून मांडली : सिनेमात किमान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि तेही पुरुषाखेरीज कशाबद्दल तरी. ज्या सिनेमांत बायकाच नव्हत्या त्यांना उघडं पाडायला ती चोख आहे. आपल्या मालिकांत मात्र सासू, नणंद, जाऊ अशा बायकाच बायका असतात, त्यामुळे ही कसोटी त्या सहज पार करतात आणि हाती काही लागत नाही. इथे निर्णयाचा रकाना कामाला येतो. त्यातही कट रचणाऱ्या खलनायिकेच्या रेघा वेगळ्या मारा. बहुतेकदा असं दिसेल, की ठरवणारी बाई दुष्ट आणि सोसणारी बाई चांगली. हे मैत्रिणींनी स्वतः मोजून काढलं, की बोलणं आपोआप सुरू होतं.

दोन ठिकाणी घोळ होतो. सासू आणि सून एकाच घोळक्यात असतील तर कुणीच खरं बोलणार नाही. तिथे ‘तुमच्या घरी कसं?’ हा प्रश्न टाळा आणि मालिकेतल्या सासूपाशीच थांबा. दुसरं, कुणी मारहाणीबद्दल बोलून गेली तर तिथे सगळ्यांसमोर सल्ले देत बसू नका. नंतर एकटीला गाठा. तातडीची मदत हवी असेल तर ११२, महिला हेल्पलाइन १८१. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडे तक्रार नोंदवता येते. तिची गोष्ट घोळक्याबाहेर जाणार नाही हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

भाषेचंही सांगते. तेलुगू, कन्नड, दखनी बोलणाऱ्या मैत्रिणी मराठी चर्चेत मागे राहतात. प्रसंग तिने तिच्या भाषेत पुन्हा सांगावा आणि शेजारणीने मराठीत आणावा. सांगताना ती काय गाळते आणि कशावर जोर देते, ते नीट ऐका. टीका तिथेच सुरू झालेली असते.

प्रश्न : कॉलेजच्या अंकासाठी ‘सैराट’वर लिहिते आहे. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, म्हणून सिनेमा स्त्रीवादी आहे असं लिहिलं तर चालेल?
– विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : तेवढ्यावर लेख उभा राहणार नाही. ती बुलेट कुणाच्या अंगणातली आहे, हे आधी लिहा. गावात आर्चीला कुणी अडवत नाही, कारण ती पाटलांची मुलगी आहे. तिच्या बेधडकपणाला बापाच्या सत्तेचं आणि जातीचं पाठबळ आहे. तोच बेधडकपणा पारध्याच्या पोरीने दाखवला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न सिनेमा आपल्यापुढे ठेवतो. हैदराबादला पोचल्यावर ते पाठबळ सुटतं. तिथे ती कारखान्यात मजुरी करते, परकी भाषा शिकते, पैसे मोजून संसार करते. माझ्या मते तुमच्या लेखाचा गाभा या उत्तरार्धात आहे आणि बहुतेक लेख तिथवर पोचतच नाहीत.

लिहिण्याआधी सिनेमा दोनदा बघा. दुसऱ्यांदा फक्त आर्चीचे प्रसंग, हातात घड्याळ घेऊन : कुठल्या प्रसंगात तिची इच्छा पुरी होते आणि तेव्हा आजूबाजूला तिला घाबरणारं कोण असतं. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांची दोन वेगळी पानं करा. करमाळ्याचा परिसर आपल्या जिल्ह्यातला आहे, पण ‘आपल्या मातीतला सिनेमा’ या अभिमानात शेवट हलका करू नका. शेवटी आर्ची आणि तिच्या नवऱ्याचा खून करणारे तिचे स्वतःचे लोक आहेत. २०१८ मध्ये ‘शक्ती वाहिनी’ या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला कुटुंबाची किंवा जातपंचायतीची संमती लागत नाही. अशा जोडप्यांच्या रक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष उभारण्याचे निर्देशही दिले. हे लेखात एका वाक्यात तरी आणा.

प्रश्न : एका मालिकेत नवरा बायकोला थोबाडीत मारतो आणि पुढच्या प्रसंगात तीच माफी मागते. तक्रार कुठे करायची?
– एक वाचक, पाच्छा पेठ

उत्तर : आधी वाहिनीकडे, लेखी. तारीख, वेळ, मालिकेचं नाव, भाग आणि प्रसंग कितव्या मिनिटाला आहे ते लिहा. केबल टीव्हीच्या नियमांत २०२१ मध्ये झालेल्या बदलांनुसार वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनीच्या स्वयंनियामक संस्थेकडे, म्हणजे वाहिन्यांनीच मिळून स्वतःवर देखरेखीसाठी नेमलेल्या संस्थेकडे, अपील करता येतं. वाहिनी कुठल्या संस्थेची सदस्य आहे ते आधी बघून घ्या, चुकीच्या संस्थेकडे अर्ज गेला की ते दिवस हातचे जातात.

‘भावना दुखावल्या’ एवढंच लिहिलेली तक्रार टिकत नाही. मारहाण दाखवली, यालाही हरकत घेऊ नका. ती दाखवल्याशिवाय तिच्याविरुद्ध बोलणार कसं? हरकत पुढच्या प्रसंगाला घ्या : मार खाणारीने माफी मागितली, पार्श्वसंगीत गोड झालं, घर सुखी झालं. मालिका बंद करा अशी मागणीही नको. त्याच वाटेने उद्या एखादी स्वतंत्र नायिका बंद पाडायला लोक येतील. पुढच्या भागांत या मारहाणीचा जाब विचारला जावा, एवढी नेमकी मागणी करा.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या मिरवणुकीत बायकांवरची घाणेरडी गाणी वाजतात. कसं थांबवायचं?
– एक कार्यकर्ती, साखर पेठ

उत्तर : मिरवणुकीच्या दिवशी डीजेसमोर जाऊन काही होत नाही. वर्गणीची पहिली बैठक होते तेव्हा जा, डीजेला ॲडव्हान्स जाण्याच्या आधी. नको असलेल्या गाण्यांची यादी देऊ नका; दुसऱ्या दिवशी नवी पाच गाणी येतात. वाजवायच्या वीस-पंचवीस गाण्यांची यादी बैठकीत मंजूर करून घ्या, अध्यक्षांची सही घ्या आणि तीच पेन ड्राइव्हमध्ये भरून डीजेच्या हातात द्या. गाडीच्या बाजूला यादी धरून उभ्या राहणाऱ्या दोघीजणी आधीच नेमा.