दुकानदार तीन आठवड्यांपासून ‘प्रोसेसर येतोय’ म्हणतोय. थांबू की दुसऱ्या कंपनीचा, एएमडीचा घेऊ?

दुकानदार फसवतोय असं लगेच धरू नका, भाऊ. मी धुळ्याला कॉम्प्युटर असेंबल करून देतो. ‘पुढच्या आठवड्यात येईल’ हे आम्हालाही डिस्ट्रिब्युटरकडूनच ऐकायला मिळतं, आम्ही ते गिऱ्हाइकाच्या कानावर घालतो, एवढंच. तुमचा चोपड्याला फोटो स्टुडिओ आहे, इंटेलचा आय5 हवाय, एएमडीची धाकधूक वाटते आणि तुळशीचं लग्न लागलं की कामाला श्वास नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग थांबू नका.

माल का अडतो ते सांगतो. सिलिकॉनची चकती कारखान्यात गेली की त्यावरच्या चिप्स तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात. मागणी वाढली म्हणून रात्रपाळी लावून उद्या माल काढला, असं या धंद्यात होत नाही. 2018 ला इंटेल याच कात्रीत सापडली. 10 नॅनोमीटरचं तंत्र (नॅनोमीटरचा आकडा जितका लहान, तितकं चिप बनवण्याचं तंत्र नवं) वर्षानुवर्षं लांबलं, 2014 चं 14 नॅनोमीटर डेस्कटॉपला 2021 पर्यंत ओढावं लागलं, आणि सर्व्हरपासून डेस्कटॉपपर्यंत सगळा भार त्याच कारखान्यांवर आला. कंपनीने मग झिऑन, म्हणजे सर्व्हरचे प्रोसेसर, आणि महागडे कोअर आधी काढले. रावेरला केळी कापताना निर्यातीचा माल आधी बाजूला निघतो, तसंच हे. पेंटियम, सेलेरॉन, आय3 हे स्वस्तातले प्रोसेसर, म्हणजे आपल्या खान्देशात जे खपतं नेमकं तेच, मिळेनासं झालं.

एएमडीने ती संधी बरोबर साधली. 2017 ला तिचा रायझन प्रोसेसर आला, 2019 ला दुसऱ्यांसाठी चिप्स बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीकडून 7 नॅनोमीटरचा माल आला आणि इंटेलला भाव सांभाळून लावावे लागले. पण एएमडीने आपले कारखाने 2009 लाच वेगळे काढलेत, त्यामुळे ती दुसऱ्याच्या दारातल्या रांगेत उभी असते. 2020 च्या शेवटी रायझन 5000 आला आणि त्याच सुमारास प्लेस्टेशन 5 नि नवा एक्सबॉक्स हे गेम खेळायचे कन्सोलही. त्यांच्या चिप्स एएमडीच्याच, आणि त्याही तिथेच 7 नॅनोमीटरवर बनणाऱ्या. व्हायची ती टंचाई झालीच. दोघांच्या भांडणात आपल्याला भाव बरा मिळतो. माल वेळेवर मिळेलच असं नाही.

आता तुमचं काम. नुसते फोटो आणि अल्बम असतील तर एएमडी बिनधास्त घ्या, काही अडणार नाही. लग्नाचे व्हिडिओही कापत असाल तर इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओचं काम झटपट उरकणारी सोय, खरंच कामाला येतं. तेवढ्यासाठी आय5 चा हट्ट समजू शकतो.

पण एक बघा. टंचाईत दुकानदार ‘हा लगेच आहे, स्वस्तही पडेल’ म्हणून नावाच्या शेवटी एफ असलेला इंटेल पुढे करतात. त्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं, म्हणजे क्विक सिंकही नाही. वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर पंखा फिरतो, लाइट लागतो, मॉनिटर मात्र काळाच. असे बरेच कॉम्प्युटर ‘बोर्ड गेला’ म्हणून माझ्या टेबलावर येतात. एएमडीतही रायझन 5600 ला ग्राफिक्स नाही, 5600जी ला आहे.

दुसरं, ट्रेचा प्रोसेसर. तो खोक्याशिवाय येतो, थोडा स्वस्त पडतो, पण कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी बॉक्सवाल्याला असते. ट्रेवाल्याला दुकानदार देईल तेवढीच.

आणि प्रोसेसरची वाट बघत मदरबोर्ड आधी घेऊन ठेवू नका. इंटेलचा बोर्ड एएमडीला चालत नाही, आणि घेतलेला बोर्ड परत घेताना कुठल्याही दुकानदाराचं तोंड वाकडंच होतं. ॲडव्हान्स दिला असेल तर आजच जाऊन विचारा: त्याच पैशात बॉक्स पॅक रायझन आणि त्याचा बोर्ड, पक्क्या बिलावर, देता का? हो म्हणाला तर उचला.