टाका उसवू नकोस

अरे,

काल तू पिशवीतून ती अर्धी गोधडी काढून माझ्या टेबलावर पसरलीस आणि म्हणालास, "काकू, एवढी पुरी करून द्या ना, आईच्या आठवणीच्या कार्यक्रमात समोर ठेवायचीये." मी नाही म्हटलं. जरा जास्तच तुटकपणे म्हटलं, तुझा चेहरा पडला ते दिसलं मला, आणि तू गेल्यावर रात्री काही झोप आली नाही. म्हणून लिहितेय. नाही म्हटलं ते मागे घ्यायला नाही, ते नाहीच आहे. पण का नाही हे न सांगता तुला पाठवून दिलं ते चुकलंच माझं.

आधी एक काम कर, वाचायचं थांबव आणि गोधडीत टोचून ठेवलेली सुई काढ. "आईनं ठेवली तशीच ठेवलीये" म्हणालास, समजतं मला, पण सुई गंजते, गंजाचा डाग काही केल्या जात नाही आणि हळूहळू तिथलं कापडच खाल्लं जातं. सुई होती तिथे वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक सैल टाका घाल म्हणजे जागा कळेल, आणि सुई डबीत ठेव. टाचण्या असतील त्याही काढ. ती गोल रिंग सोडव, कापड ताणून त्यावर कायमचा वळ उठतो. इस्त्री नाही. धुवायची तर अजिबात नाही, कारण उजव्या बाजूला तिनं खडूनं आखलेल्या रेषा आहेत ना, ज्यांच्यावर अजून टाका पडलेला नाही, त्या पाण्यात गेल्या की गेल्या. तिला पुढे कुठे जायचं होतं ते आता फक्त त्या रेषाच सांगतात.

बस, एवढंच. बाकी एक टाका उसवायचा नाही आणि एक टाका वाढवायचा नाही.

आता का ते सांगते. माझी आई गेली तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, शिवणाचं रीतसर शिकलेली, आणि मला स्वतःच्या हाताचा फार गर्व होता. आईचीही एक गोधडी अर्धी राहिली होती. तिचा हात पूर्वी फार बारीक होता, इंचात नऊ-दहा टाके सहज, पण शेवटी शेवटी डोळ्यात मोतीबिंदू आणि हाताला थरथर, त्यामुळे शेवटच्या पाच ओळी वेड्यावाकड्या, एक टाका एवढा तर पुढचा त्याच्या तिप्पट. एका प्रदर्शनात तिचं काम लावायचं ठरलं होतं. मी त्या पाच ओळी उसवल्या. बारीक कात्री घेऊन दोन रात्री बसून उसवल्या, निघालेले दोरे केरात टाकले, आणि सुईची भोकं राहिली होती ती पाणी शिंपडून इस्त्री फिरवल्यावर बुजली. मग माझ्या हातानं सगळं सरळ, सारखं, देखणं करून पुरं केलं. लोक आले, गोधडीवरनं हात फिरवून म्हणाले, शेवटपर्यंत काय सारखा टाका होता हो तुमच्या आईचा. माझा भाऊ मात्र जवळ येऊन हळूच म्हणाला, "यातले आईचे शेवटचे टाके कुठले गं?" आणि मला बोट ठेवायला जागा नव्हती.

मी ते मुद्दाम वाईट म्हणून केलं नव्हतं रे. कुणी तिला नावं ठेवू नयेत असं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ते टाके इतके सैल होते की आतला कापूस सरकला असता, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. पण सैल टाक्याला आधार देता येतो, त्यासाठी तो काढावा लागत नाही. संग्रहालयांत जुन्या कापडांचं काम करणारे लोक विरलेल्या भागावर अगदी पातळ, आरपार दिसेल असं जाळीचं कापड ठेवतात आणि कडेनं बारीक टाके घेतात, तेही पुढे कुणाला काढावेसे वाटले तर काढता येतील असे. मूळ टाक्याला हात लावत नाहीत. हे मला कळलं तोवर उशीर झाला होता. त्यानंतर आजपर्यंत मी कुणाचीही अर्धी राहिलेली गोधडी पुरी करून दिलेली नाही. माझ्याकडे शिकलेल्या दोघी-तिघी यावरून दुखावल्या, एक तर बोलायची बंद झाली, म्हणाली तुम्ही दगड आहात. असेन. पण मी करणार नाही.

आणि तू फोनवर लिहिलेलं जे वाचून दाखवलंस, त्यातही तू हेच करतोयस. उसवतोयस. "माझी आई अत्यंत प्रेमळ, श्रद्धाळू आणि कलासक्त होती." हे वाक्य कुणाच्याही आईला लाव, बसतं की नाही बघ. एवढी माणसं येणार, सगळ्यांना तिची माया माहीतच आहे, ती कशाला सांगतोस? ती सुईत दोरा कसा ओवायची ते सांग. गाठ मारून ती गोधडीच्या पोटात कशी ओढून घ्यायची ते सांग, दोऱ्याला हलकासा झटका दिला की टक् असा आवाज यायचा आणि गाठ वरच्या कापडातून आत कापसात जाऊन बसायची, वरनं काही दिसायचं नाही. तो आवाज तू लहानपणापासून ऐकलायस ना? मग तो लिही की!

तू म्हणालास, "मी देव मानत नाही काकू, मग तिच्या श्रद्धेबद्दल मी कुठल्या तोंडानं बोलू, खोटं वाटेल." म्हणून तू तो भाग दोन ओळींत उरकलायस. उसवलायस. अरे, तुला मानायला कोण सांगतंय? ती काय करायची एवढं तर तू पाहिलंयस. मी तिच्या शेजारी बसून इतकी वर्षं शिवलं, मला जे दिसलं ते सांगते. ती दर दोरा कुणाच्या तरी नावानं ओवायची. दोरा संपेपर्यंत त्या माणसासाठी मनातल्या मनात प्रार्थना, दोरा संपला की दुसरं नाव. मी शिकवताना सगळ्यांना सांगते की हातभरापेक्षा लांब दोरा घेऊ नका, गुंता होतो, दोरा झिजतो. ती ऐकायची नाही. ज्याच्यावर मोठं संकट असेल त्याच्यासाठी ती चांगला दोन हात लांब दोरा घ्यायची, मग तो गुंतायचा, मग ती शांतपणे तो गुंता सोडवत बसायची आणि तेवढा वेळ ओठ हलत असायचे. मी एकदा चिडून म्हटलं, कापून टाक तो आणि दुसरा घे. तर म्हणाली, "यानंच होऊ दे." एका वर्षी तिनं फक्त तुझ्या नावानं किती लांब दोरे ओवले ते मी पाहिलंय. का ते तुझं तू जाण. हे सांगायला तू आस्तिक असायची गरज नाही, डोळे असले की पुरे.

आता आईच्या गोधडीतल्या त्या उलट्या लागलेल्या त्रिकोणी तुकड्याचं. तुझी मावशी सगळ्यांना सांगतेय की आईनं तो मुद्दाम उलटा लावला, कारण निर्दोष फक्त देव, माणसाच्या हातात एक चूक राहू द्यावी. ही गोष्ट गोधड्यांबद्दल जगभर सांगतात, ऐकायला गोड आहे, पण जुन्या बायका खरंच असं करायच्या याला काही धड पुरावा मिळत नाही, अभ्यास करणारेही ती दंतकथाच मानतात. आणि तुझ्या आईच्या बाबतीत तर मी समोर होते. गोधडी पुरी झाली, आम्ही दोघींनी चार टोकं धरून झटकली, तेव्हा तो त्रिकोण मलाच पहिल्यांदा दिसला. मी म्हटलं, उसवून पाच मिनिटांत नीट करते. ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "राहू दे गं, कंटाळा आलाय. देव काय त्रिकोण मोजत बसत नाही." हे आहे ते. मावशीच्या गोष्टीपेक्षा यात तुझी आई जास्त आहे की नाही सांग. मावशीला दुखवू नकोस, तिचं दुःखही तिच्या जागी आहे, पण लिहिताना आईचं वाक्य लिही.

आणि ती करड्या शर्टांची गोधडी. तुझे वडील गेले त्या वर्षाची. ती तू कार्यक्रमात ठेवायचीच नाही म्हणालास, कारण लोक विचारतील, आणि त्या वर्षी ती प्रार्थनेला जायची बंद झाली होती हे सांगावं लागेल. नऊ-दहा महिने गेली नाही, देवाचं नाव काढलं की उठून जायची, आमच्यातही यायची नाही. मग? हे लपवायचं कशाला? जी बाई भांडली आणि मग स्वतःच्या पायानं परत गेली तिची श्रद्धा, आणि तू लिहिलंस तसली 'अखंड, अढळ' श्रद्धा, यातली कुठली तिची होती? सगळ्या गोधड्यांत ती एकच आहे जिला तिनं बॉर्डर लावली नाही आणि जिच्यावर तुझ्या वडिलांच्या शर्टाचा एक खिसा तसाच ठेवलाय, वरनं उघडा, आत हात जातो. का ठेवला म्हणून तू विचारलंस. मला माहीत नाही. तुलाही नाही. मग "माहीत नाही" असं लिही. अर्थ चिकटवू नकोस. तेही उसवणंच आहे, फक्त उलट्या बाजूनं.

तू म्हणशील लिहून काय होतं. हॅरिएट पॉवर्सचं नाव ऐकलंयस का? १८३७ साली अमेरिकेत जॉर्जियामध्ये गुलामीत जन्मलेली बाई. तिनं कापडाची चित्रं कापून बायबलमधल्या गोष्टींची गोधडी शिवली, ११ चौकटींची, आणि १८८६ साली अथेन्स गावातल्या कापसाच्या जत्रेत मांडली. तिथे चित्रकला शिकवणाऱ्या जेनी स्मिथ यांनी ती बघितली आणि विकत मागितली. हॅरिएट नाही म्हणाली. पुढे दिवस फार वाईट आले तेव्हा तिनं स्वतःच निरोप पाठवला आणि ती ५ डॉलरला दिली. पण देताना एकेक चौकट समजावून सांगितली, आणि स्मिथबाईंनी ते लिहून घेतलं. गोधडी दिल्यावरही ती नंतर अनेकदा तिला बघायला जात असे. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिची दुसरी, १५ चौकटींची, बोस्टनच्या संग्रहालयात आहे, तिच्यात एका चौकटीत १८३३ साली झालेला उल्कांचा पाऊस आहे, म्हणजे तिच्या जन्माच्या ४ वर्षं आधीचा, मोठ्यांच्या तोंडून ऐकलेला. तिच्याही चौकटींचे अर्थ लिहून ठेवलेले आहेत म्हणून हे आपल्याला समजतं. नाहीतर आज आपण नुसत्या चांदण्या बघितल्या असत्या. विचार कर, कुणीतरी तिच्या आकृत्या "जरा नीट" करून घ्यायला बसलं असतं तर!

किंवा एड्सनं गेलेल्यांची ती प्रचंड गोधडी, १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला पहिल्यांदा अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते, प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फूट, माणसाच्या थडग्याएवढा. कुणी शिवलं, कुणी नुसतं रंगानं नाव लिहिलं. ज्याला जसं आलं तसं. कुणी कुणाचं सरळ करत बसलं नाही.

माझ्याकडे माझ्या आईच्या चौदा गोधड्या आहेत. त्यातल्या सहांवर कुठला तुकडा कुणाच्या कपड्याचा हे मी सांगू शकते. बाकी आठांवरचं सांगू शकणारं आता कुणी उरलं नाही. विचारायला वीस वर्षं होती माझ्याकडे, आणि मी टाके मोजत बसले होते.

तर ऐक. कार्यक्रमाला अजून दिवस आहेत. ती अर्धी गोधडी अर्धीच ठेव, खडूच्या रेषांसकट, लोकांना दिसू दे ती कुठे थांबली. करड्या शर्टांचीही ठेव. उन्हात किंवा खिडकीसमोर टांगू नकोस, रंग उडतो, टेबलावर सपाट अंथर. नंतर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस, धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळ, आणि अधूनमधून घडी बदल, एकाच रेषेवर पडली की तिथेच विरते. आणि मावशीकडे जाऊन बस, वही घेऊन जा. एकेक तुकड्यावर बोट ठेवून विचार की हा कशाचा, हा कुणाचा. ती सांगेल त्यातलं निम्मं कदाचित चुकीचं असेल, तरी "मावशी म्हणाली" असं लिहून ते लिही. फोनमध्ये रेकॉर्ड केलंस तरी चालेल, पण विचार. आत्ता विचार, तिचंही वय झालंय.

रविवारी सगळ्या गोधड्या घेऊन ये. प्रत्येकीच्या मागच्या बाजूला एक छोटी सुती पट्टी लावू, तिचं नाव, साल, कुणासाठी केली ते. साल नक्की माहीत नसेल तर अंदाजे लिहू आणि अंदाजे आहे असंही लिहू. पट्ट्या मी कापून ठेवते, कापडावर न पसरणारं पेन आहे माझ्याकडे. टाके तू घालायचेस. हो, तूच. येत नाही हे माहीत आहे मला, वाकडे येतील तर येऊ देत, मी मध्ये हात घालणार नाही.

आणि सुई काढलीस का ते कळव आधी.